अम्रीची बारा वर्षं

क्योतोत आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच होती. एक आमचं, दुसरं वाकरूळकरांचं. माझा नवरा तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होता आणि रूबेन वाकरूळकर त्याच विद्यापीठात धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून आला होता. साल एक्याण्णव. त्याची बायको जयमाला मला पहिल्यांदा जिन्यात भेटली तेव्हा तिच्या हातात कचऱ्याची पिशवी होती आणि डोळ्यांत पाणी. तळमजल्यावरच्या आजींनी ती पिशवी तिला परत वर न्यायला लावली होती, कारण जळणाऱ्या कचऱ्यात एक काचेची बाटली निघाली होती.

"अलिबागला मी आठवीला इतिहास शिकवायचे हो," ती म्हणाली. "साठ पोरं गप्प बसायची माझ्या तासाला. इथे मला कचरासुद्धा टाकता येत नाही."

मी तिला आत बोलावलं आणि चहा केला. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली ती जमलीच.

जयमाला आणि रूबेन बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मी जन्माची पुण्याची, तरी या लोकांबद्दल मला काडीची माहिती नव्हती. तिनेच सांगितलं. कितीतरी शतकांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, गावोगाव पांगली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. "खरं किती, खोटं किती, कुणास ठाऊक," जयमाला म्हणायची. "पण आमच्या घरात एक गोष्ट ठाम. आम्ही आलो ते उत्तरेच्या राज्यातून. इस्राएलच्या. दक्षिणेचं ते यहूदा."

क्योतोत तिने पहिलं काम धरलं ते डबे भरून विकणाऱ्या एका दुकानात. सकाळी मितालीला, म्हणजे त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला, पाळणाघरात सोडायचं आणि दुपारपर्यंत बेन्तो भरायचे. भात, अंड्याची वडी, लोणचं. शनिवारी येणार नाही असं तिने मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याला कारण कळलं नाही, पण तिचा हात इतका चपळ होता की त्याने फार विचारलंही नाही.

तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नाकागावा-सानला एक मुलगी होती, मितालीहून जरा लहान. ती पोर म्हणजे दुकानाचा अभिमान. एकोणनव्वदच्या जानेवारीत, जुने सम्राट गेले त्याच्या आदल्या दिवशी ती जन्मली. जपानात सालं सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावाने मोजतात, त्यामुळे तिच्या जन्माचं साल लिहायचं शोवा चौसष्ट. सम्राट गेले आणि दुसऱ्या दिवसापासून लागलं हेइसेई एक. म्हणजे त्याच जानेवारीत थोडी उशिरा जन्मलेली मुलं निराळ्या कारकिर्दीची.

"पण वर्ष तर एकच ना?" जयमालाने मोडक्या जपानीत विचारलं.

"वर्ष एकच. नावं दोन," नाकागावा-सान म्हणाली. "चौसष्ट साल आठवडाभरच होतं. तरी धरायचं पूर्ण."

संध्याकाळी जयमाला माझ्याकडे आली ती याच विचारात. "विद्या, बघ ना. ते सम्राट गादीवर होते बासष्ट वर्षं आणि वर थोडे दिवस. आणि यांच्या हिशेबात साल निघतं चौसष्ट! पहिलं साल डिसेंबरअखेरचा आठवडा, शेवटचं साल जानेवारीतला आठवडा. दोन्ही अख्खी धरली." मी म्हटलं, असेल, त्यात काय एवढं. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती तिथेच ठाण मांडते, हे मला पुढे कळलं.

पुढच्या वर्षी विद्यापीठात प्राचीन पश्चिम आशियावर लोकांसाठी व्याख्यानं होती. बसथांब्यावर पत्रक पाहून आम्ही दोघी गेलो. वक्ते होते ओकुमुरा-सेन्सेई. साठीला आलेले, उन्हाने रापलेले, तरुणपणी इस्राएलमध्ये उत्खननं केलेले प्राध्यापक. जयमालाला निम्मं कळत होतं, निम्मं मी कानात सांगत होते. मध्येच ते "ओमुरि, ओमुरि" म्हणू लागले आणि तिने माझा दंड घट्ट धरला.

"अम्री! विद्या, हा अम्री राजा! आमच्या घरी बायबलात आहे हा. बाबा वाचून दाखवायचे."

व्याख्यान संपल्यावर ती सरळ पुढे गेली. मी मागे. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, अम्रीने बारा वर्षं राज्य केलं असं लिहिलंय, पण बेरीज जुळत नाही, ती कशी जुळवायची?

सेन्सेई थांबले. "तुम्ही बेरीज केली होती?"

"लहानपणी. वडिलांनी सांगितलं, पोथीतली बेरीज करू नये."

ते हसले. पुढच्या आठवड्यापासून वर्गात येऊन बसा, म्हणाले.

इथून तिची खरी कष्टाची वर्षं सुरू झाली. नुसतं वर्गात बसून तिचं समाधान होईना. रीतसर प्रवेश घेऊन पदव्युत्तर पदवी करायचं तिच्या मनाने घेतलं. पहिल्या प्रवेश परीक्षेत ती नापास झाली. उत्तरं येत होती, पण ती जपानीत वेळेत लिहून होईनात. निकाल लागला त्या दिवशी ती दुकानात गेली, डबे भरले, मितालीला घरी आणलं, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडली. नंतर तोंड धुऊन म्हणाली, "अलिबागला मी नापास मुलांना काय सांगायचे माहितेय? पुढच्या जूनला पहिल्या बाकावर बस. बसते मी पहिल्या बाकावर."

वर्षभर तिने घराच्या भिंती कान्जींच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, कागदांनी भरून टाकल्या. मिताली जपानीच बोलायची, आईने वाकडी रेघ काढली की "मम्मा, चिगाऊ!" म्हणजे चुकलं, असं ओरडायची. पुढच्या फेब्रुवारीत जयमाला पास झाली. मग अश्शूर-बाबेलच्या जुन्या लेखांची अक्काद भाषा आली, खिळ्यांसारखी टोकदार लिपी आली, आणि तीही जपानीतून शिकायची. भात भरता भरता ती ओठांत अक्षरं घोकायची आणि नाकागावा-सानला वाटायचं, ही प्रार्थना म्हणतेय.

याच सुमाराला रूबेनचा विद्यापीठातला करार संपला. पुण्यात त्याला चांगली जागा तयार होती. वाकरूळकर आता जाणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. रूबेन मुळात कमी बोलणारा. एका रविवारी तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "ओसाकाच्या एका कारखान्यात नोकरी घेतली. जागा लहान आहे. पण जयमालाचं अर्धवट सोडून मी पुण्यात काय करू?" एवढंच. यावर पुन्हा त्या घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

खरा विरोध आला तो अलिबागहून. जयमालाचे वडील एलोजी मास्तर. प्राथमिक शाळेत उभा जन्म घालवलेले, पत्नी गेल्यापासून इस्राएल आळीत एकटे राहणारे, आणि शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाची, प्रार्थना एकदाही न चुकवणारे. मुलगी जपानात शिकतेय याचं त्यांना कौतुक होतं. विषय कळेपर्यंत. जयमाला त्यांना कोपऱ्यावरच्या फोन बूथमधून फोन करायची. त्या दिवशी मी बाहेर उभी होते आणि मास्तरांचा आवाज काचेतूनसुद्धा ऐकू आला.

"अम्री? अगं, अहाबचा बाप तो! आपण एलियाहू हनबीचं नाव घेतल्याशिवाय कुठलं शुभकार्य करत नाही. माझं नाव त्यांच्यावरून. आणि त्यांनी जन्मभर ज्या घराण्याशी झुंज दिली, त्याच्या मूळपुरुषाच्या नादी लागलीस तू? पुस्तकात काय लिहिलंय? आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट! सहा-सात ओळींत संपवलाय त्याला. तुला दावीद नाही सापडला? शलमोन नाही सापडला?"

"बाबा, दाविदावर सगळं जग लिहितं."

"मग लिहिण्यासारखं आहे म्हणून लिहितं!"

फोन ठेवून ती बाहेर आली. चेहरा उतरला होता, पण ती म्हणाली, "त्यांचं चुकत नाही. एलियाहू हनबी आमचे मोठे संदेष्टे, अहाब राजाला तोंडावर सुनावणारे. पण माझंही चुकत नाहीये, विद्या. उत्तरेचं राज्य, उत्तरेचं राज्य म्हणून ज्याचा अभिमान धरतो आम्ही, ते उभं कुणी केलं?"

मग तिने मला अम्रीची गोष्ट सांगितली, कामो नदीच्या काठाने सायकली हातात धरून चालता चालता. अम्री राजघराण्यातला नव्हताच. सेनापती होता. राजधानी तिरसात जिम्री नावाच्या सरदाराने राजाला मारून गादी बळकावली, ती टिकली आठवडाभर. छावणीत बातमी आली आणि सैन्याने तिथेच, तंबूंमध्ये, अम्रीला राजा केलं. पण अर्धा देश तिब्नी नावाच्या दुसऱ्याच्या मागे गेला. चार वर्षं यादवी झाली. तिब्नी मेला आणि अम्री साऱ्या देशाचा राजा झाला. मग त्याने शेमर नावाच्या माणसाकडून एक डोंगर विकत घेतला, त्यावर नवी राजधानी वसवली आणि तिला आपलं नाव न देता त्या जुन्या मालकाचं दिलं. शोमरोन.

"लढून घेता आला असता," ती म्हणाली. "राजा होता तो. तरी विकत घेतला. आणि नाव दुसऱ्याचं ठेवलं. एवढंसं लिहिलंय त्याच्याबद्दल, पण त्यातून माणूस दिसतो की नाही?"

दोन वर्षांनी तिचा प्रबंध पुरा झाला, मान्य झाला, आणि शहाण्णवच्या मार्चमध्ये तिला पदवी मिळाली. त्याच मेमध्ये लोकांसाठीच्या त्या व्याख्यानमालेत एक दिवस ओकुमुरा-सेन्सेईंनी तिला दिला. पूर्वी जिथे ती अर्धं कळून बसली होती, त्याच मालेत. तिने वडिलांना कळवलं. येतील अशी तिला आशा नव्हती. रूबेनने मात्र न विचारता तिकीट पाठवलं.

आणि एलोजी मास्तर आले. पांढरा लेंगा, काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि सामानात निम्म्याहून जास्त पोहे. विमानतळावर त्यांनी नातीला मराठीत विचारलं, "कशी आहेस?" नात जपानीत म्हणाली, "गेन्की!" मास्तर म्हणाले, "कळलं. बरी आहेस."

व्याख्यानाच्या दिवशी मास्तरांना घेऊन मी दुसऱ्या रांगेत बसले. मी जमेल तेवढं कानात सांगणार होते. सभागृह भरलं होतं, बहुतेक निवृत्त मंडळी, वही-पेन्सिल घेऊन आलेली. नाकागावा-सान मुलीला घेऊन आली होती. रूबेन मागे उभा होता, बसायला जागा असूनही.

जयमाला निळी पैठणी नेसून उभी राहिली आणि तिने सुरुवात अम्रीपासून केलीच नाही. तिने विचारलं, "शोवा काळ किती वर्षांचा?"

"चौसष्ट!" समोरून आवाज आले.

"आणि सम्राट गादीवर किती वर्षं होते?"

कुणीतरी बोटं मोजली, कुणीतरी हसलं, आणि सगळं सभागृह कुजबुजू लागलं. बासष्ट. तिने फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि म्हणाली, "तुम्हाला कुणी खोटारडे म्हणेल का? नाही. कारण तुम्ही कसं मोजता ते तुम्हाला ठाऊक आहे. आता तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकांकडेही त्याच नजरेने पाहू."

मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग ती बारा वर्षांवर आली. शेजारच्या यहूदाच्या राज्यात आसा नावाचा राजा होता, त्याच्या वर्षांवरून इकडचा काळ मोजलेला. आसाच्या एकतिसाव्या वर्षी अम्री राजा झाला, असं पुस्तक सांगतं, आणि अडतिसाव्या वर्षी त्याचा मुलगा अहाब गादीवर आला. मग बारा वर्षं बसणार कुठे? पण सैन्याने तंबूत त्याला राजा केलं ते सत्ताविसाव्या वर्षी. तिथून धरा, पहिलं आणि शेवटचं अर्धवट वर्ष अख्खं माना, जपानी लोक मानतात तसं. बारा भरतात. एकतिसावं वर्ष ते यादवी संपल्याचं. "हा उलगडा माझा नाही," ती म्हणाली. "विद्वानांनी तो कधीच केलेला आहे. पण मला तो पुस्तकात कळला नाही. मला तो डब्याच्या दुकानात कळला, नाकागावा-सानच्या मुलीमुळे."

त्या पोरीने लाजून आईच्या कुशीत तोंड लपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बारा वर्षं म्हणजे काय फार नाहीत," जयमाला पुढे बोलू लागली. तिचा आवाज आता स्थिर झाला होता. तिने पडद्यावर शिलालेखांची चित्रं दाखवली. शेजारच्या मोआब देशाच्या राजाने स्वतःच्या विजयाचा दगड कोरला, त्यातही त्याला लिहावं लागलं की इस्राएलच्या अम्रीने आमच्यावर दीर्घकाळ हुकमत गाजवली. आजच्या इराककडच्या बलाढ्य अश्शूरच्या सम्राटांनी इस्राएलच्या त्या सगळ्या देशालाच नाव दिलं अम्रीचं घर, आणि अम्री जाऊन दीडशे वर्षं होत आली तरी तेच लिहीत राहिले. मधल्या काळात येहू नावाच्या सेनापतीने अम्रीचा वंश कापून काढला. मुलगा नाही, नातू नाही, कुणी ठेवला नाही. तोच येहू अश्शूरच्या राजापुढे गुडघे टेकून बसलेला एका काळ्या दगडावर कोरला आहे. त्याच्या वर लिहिलंय: येहू, अम्रीचा मुलगा.

"ज्याने घराणं संपवलं," ती म्हणाली, "त्यालाच त्या घराण्याचं नाव लागलं."

हे मी मास्तरांच्या कानात सांगितलं तेव्हा ते वळून माझ्याकडे पाहत राहिले. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. दोघा-तिघांनी विचारलं. मग माझ्या शेजारची खुर्ची वाजली. एलोजी मास्तर टोपी सारखी करत उभे राहिले होते. मी त्यांचा कोट ओढायला गेले, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मला विचारायचंय," ते मराठीत, वर्गात बोलावं तसे खणखणीत म्हणाले. "तो राजा वाईट होता की नव्हता?"

मी कशीबशी उठून प्रश्नाचं भाषांतर केलं आणि हेही सांगितलं की हे वक्त्यांचे वडील, भारतातून आलेत. ओकुमुरा-सेन्सेई खुर्चीत पुढे सरकून बसले.

जयमालाने आधी मराठीत उत्तर दिलं, वडिलांकडे पाहत.

"बाबा, तो वाईट होता असं ज्यांनी लिहिलं त्यांना मी खोटं म्हणत नाही. देवापुढे तो कसा वागला, हे त्यांनी पाहिलं. त्यांचं काम ते होतं. शेजाऱ्यांनी त्याची ताकद पाहिली, त्याचं शहर पाहिलं. त्यांनी ते लिहिलं. एलियाहू हनबी ज्या अहाबापुढे उभे राहिले, तो अहाब एवढा बलवान झाला कुणामुळे? समोरचा मोठा होता, म्हणून तर त्यांचं धैर्य मोठं. मी इतिहास शिकवणारी. मला एकाच बाजूचं सांगून भागत नाही. तुम्हीच शिकवलंत ते, चौथीच्या वर्गात."

मग तेच तिने जपानीत सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

मास्तर उभेच होते. मग म्हणाले, "उत्तर बरोबर. पूर्ण गुण." आणि खाली बसले.

मी ती दोन वाक्यं जपानीत सांगितली, आणि टाळ्या अशा काही वाजल्या की मिताली खुर्चीवर चढून पाहू लागली. जयमाला फळ्याकडे वळली. आकडे पुसायला नव्हे, डोळे पुसायला. मागे रूबेन दोन्ही हात खिशात घालून उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. एलियाहू हनबींच्या नावाने बेने इस्राएल करतात तो आभाराचा प्रसाद. खोबरं डबाबंद मिळालं आणि फळांत जपानी नाशपाती होती, एवढाच फरक. मास्तरांनी प्रार्थना म्हटली. सेन्सेई, नाकागावा-सान आणि तळमजल्यावरच्या आजी, सगळे मांडी घालून बसले होते. आजींनी मलिदा दोनदा मागून घेतला. मास्तर मला हळूच म्हणाले, "हनबी रागावले असतील का हो?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाले, "नाही रागावणार. अभ्यास करणाऱ्यावर ते रागवत नाहीत."

जयमालाला पुढे ओसाकाच्या एका महिला महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवायची नोकरी मिळाली. आधी आठवड्यातून दोन तास, मग कायमची. आम्ही सत्त्याण्णवला तोक्योकडे, एदोगावाला राहायला गेलो. तिथल्या मराठी मंडळींत कुणी म्हणालं की जपानात आपल्या बायका घरात कोंडल्या जातात, की मी आपली जयमालाची गोष्ट सुरू करते. नवरा म्हणतो, आता पुरे.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात भारतात गेले तेव्हा मुद्दाम अलिबागला जाऊन आले. शनिवार होता. इस्राएल आळीत माणसं थोडीच उरलीत, बरीचशी घरं इस्राएलला निघून गेली. प्रार्थना आटपून चार म्हातारे मास्तरांच्या ओटीवर बसले होते आणि आवाज चढले होते.

"अहो मास्तर, पण पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, वाईट होता म्हणून!" एक जण तावातावाने म्हणत होता.

"लिहिलंय. मी कुठे नाही म्हणतो?" एलोजी मास्तर हातवारे करत म्हणाले. "पण डोंगर त्याने विकत घेतला, हेही तिथेच लिहिलंय. ते वाचताना तुम्हाला झोप लागते का?"

मग मला ओटीखाली उभी पाहून त्यांनी हात उंचावला. "या, या, विद्याबाई! बरं झालं आलात. यांना जरा सांगा, त्या काळ्या दगडावर येहूला कोणाचा मुलगा म्हटलंय ते. माझं ऐकत नाहीत."